'ऑब्लाइज' : कर्तव्याचें बंधन आणि उपकाराचा भार



इंग्रजी भाषेंत 'ऑब्लाइज' असें एक क्रियापद आहे. आपल्या खेड्यांतील पुष्कळांना तें कानावरून तरी गेलेलें असतें. अर्जाच्या शेवटल्या ओळींत तें येतें, शाळेच्या पत्रांत येतें. बँकेच्या व कचेरीच्या कागदांत 'ऑब्लिगेशन' आणि 'ऑब्लिगेटरी' हीं त्याचीं भावंडें भेटतात. परंतु त्याचा अर्थ विचारिला असतां एक मनुष्य म्हणतो, "उपकार करणें". दुसरा म्हणतो, "भाग पाडणें". ऐकणाऱ्यास वाटतें कीं, दोघांपैकीं एकाची चूक असली पाहिजे. तसें नाहीं, दोघांचेंही म्हणणें बरोबर आहे. एकाच क्रियापदाच्या पोटांत सक्ती आणि कृपा हे दोन अर्थ शेजारीं शेजारीं राहतात.

हा केवळ कोशांतला प्रश्न असता तर त्यासाठीं एवढी जागा खर्च करण्याचें कारण नव्हतें. पण या दोन अर्थांची गल्लत झाली म्हणजे व्यवहारांतही गल्लत होते. जें आपल्या हक्काचें आहे तें मनुष्य हात जोडून भीक म्हणून मागतो, आणि जी मदत कोणीं प्रेमानें केली ती पुढें जन्माची बेडी होऊन बसते. म्हणून या शब्दाचें मूळ, त्याचे दोन्ही अर्थ, ते ओळखण्याची खूण आणि आपल्या कोल्हापुरांतील त्यांचें उदाहरण, अशा क्रमानें आज विचार करूं.

१. शब्दाचें मूळ व उच्चार

हा शब्द मूळचा लॅटिन. तो फ्रेंच भाषेंतून इ. स. १३०० च्या सुमारास इंग्रजींत आला. लॅटिन भाषेंत 'लिगारे' म्हणजे बांधणें. त्याच्या आधीं 'ऑब' हा उपसर्ग लागून 'ऑब्लिगारे' असें रूप झालें. त्याचा अर्थ एखाद्यास बांधून टाकणें. शरीरांतील एक हाड दुसऱ्या हाडाशीं ज्या बळकट पट्ट्यानें बांधलेलें असतें, त्यास डॉक्टर लोक 'लिगामेंट' म्हणतात. तो शब्दही याच कुळांतला.

रोमी लोकांत हें बांधणें प्रथम बोलण्यापुरतें नव्हतें. अगदीं प्राचीन काळीं रोम शहरांत कर्ज न फेडणाऱ्या मनुष्यास सावकार धरून नेई व बेड्या घालून ठेवी. इ. स. पूर्वीं ३२६ च्या सुमारास एका कायद्यानें ही चाल मोडण्यांत आली. बेडी गेली, पण शब्द राहिला. पुढें सम्राट जस्टिनियन याच्या आज्ञेनें इ. स. ५३३ सालीं कायद्याचें जें पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झालें, त्यांतही देणेंकऱ्यावरील जबाबदारीस कायद्याचें बंधन असेंच म्हटलें आहे. तात्पर्य, या शब्दाच्या मुळाशीं एक दोरी आहे. ती डोळ्यांपुढें ठेविली म्हणजे दोन्ही अर्थ उलगडतात.

उच्चाराविषयीं एक सूचना. जोर दुसऱ्या अक्षरावर, म्हणजे 'ब्लाइ' यावर द्यावा. शेवटचा 'ज' हा 'जीव' या शब्दांतल्यासारखा म्हणावा, 'जाणें' या शब्दांतल्यासारखा म्हणूं नये. तीनशें वर्षांपूर्वीं विलायतेंतील पुष्कळ लोक फ्रेंच वळणानें 'ऑब्लीज' असें म्हणत. आज तो उच्चार प्रचारांत नाहीं.

२. पहिला अर्थ : भाग पाडणें

कायदा, वचन, कर्तव्य किंवा परिस्थिति मनुष्यास एखादी गोष्ट करावयास लावते, तेव्हां हें क्रियापद योजितात. "कायदा आईबापांना मुलें शाळेंत पाठविण्यास ऑब्लाइज करितो," म्हणजे तें त्यांच्यावर बंधनकारक आहे.

बांधणारा नेहमीं कोणी मनुष्यच असतो असें नाहीं. सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत पंचगंगेस महापूर आला आणि शिरोलीजवळ पुणें-बंगळूर महामार्गावर पाणी चढून वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. मालाचे ट्रक घेऊन निघालेल्यांस जागच्या जागीं थांबावें लागलें. याविषयीं इंग्रजींत म्हणावयाचें झाल्यास, "दे वेअर ऑब्लाइज्ड टू स्टॉप" असें म्हणतील. त्यांना कोणीं हुकूम केला नव्हता. पाण्यानेंच त्यांना बांधलें.

येथें मराठी व इंग्रजी वाक्यांच्या ठेवणींतील भेद ध्यानांत घ्यावा. आपण म्हणतों, "मला थांबावें लागलें" किंवा "मला थांबणें भाग पडलें". थांबणारा मनुष्य 'मला' असा चतुर्थींत येतो. इंग्रजींत तोच कर्त्याच्या जागीं उभा राहतो आणि क्रियापद कर्मणि होतें. शब्दशः पाहिलें तर "मी थांबण्यास बांधला गेलों". भाषांतर करितांना असली वाक्यें मराठींत आणूं नयेत. 'लागणें' आणि 'भाग पडणें' हीं आपलीं क्रियापदें या कामास पुरेशीं आहेत.

जबरदस्ती दाखविणारे 'फोर्स' व 'कंपेल' असे दुसरेही शब्द इंग्रजींत आहेत. त्यांत बळाचा भाग अधिक असतो. चोरानें सुरी दाखवून पैसे घेतले, तर तेथें 'फोर्स' शोभतो. दिलेल्या वचनामुळें मनुष्य तोटा सोसूनही माल पोंचवितो, तेथें 'ऑब्लाइज' शोभतो.

३. दुसरा अर्थ : उपकार करणें

आतां त्याच पुराची गोष्ट पुढें चालवूं. समजा, अडकून पडलेल्या एखाद्या ट्रकवाल्यास जवळच्या वस्तीवरील कोणी बाईनें भाकरी व पिण्याचें पाणी आणून दिलें. तो तिला म्हणेल, "आय ॲम ऑब्लाइज्ड टू यू." म्हणजे "बाई, मी तुमचा फार आभारी आहें." थांबतांना जो शब्द सक्तीचा होता, तोच भाकरी घेतांना कृतज्ञतेचा झाला. हें कसें? कारण उपकार हीही एक दोरीच आहे. बाईनें त्यास बांधलें नाहीं. त्याच्या अंतःकरणानें स्वतःस तिच्याशीं बांधून घेतलें.

हा विचार इंग्रजांचाच आहे असें नाहीं. आपल्या शेजारीं गोमंतकांत १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचें राज्य होतें. त्यांच्या भाषेंत आभार मानतांना पुरुष 'ओब्रिगादु' व स्त्री 'ओब्रिगादा' असें म्हणते. हा शब्दही त्याच लॅटिन धातूपासून निघाला असून त्याचा मूळ अर्थ "मी बांधलेला आहें" किंवा "बांधलेली आहें" असाच आहे. परंतु त्याच गोमंतकांतील ख्रिस्ती शेतकरी कोंकणींत बोलतांना "देव बरें करूं" असें म्हणत आला आहे. या बोलण्यांत तो स्वतःस बांधून घेत नाहीं. फेड करणें आपल्या शक्तीबाहेरचें जाणून ती देवावर सोंपवितो.

४. अर्थ ओळखण्याची खूण

वाचतांना कोणता अर्थ घ्यावा, हें बहुधा 'टू' या लहानशा शब्दाच्या पुढें पाहिलें म्हणजे कळतें.

'टू' च्या पुढें क्रियापद आलें तर अर्थ सक्तीचा किंवा कर्तव्याचा. "ऑब्लाइज्ड टू पे" म्हणजे पैसे भरणें भाग आहे.

'टू' च्या पुढें मनुष्य आला तर अर्थ आभाराचा. "ऑब्लाइज्ड टू द टीचर" म्हणजे शिक्षकाचा ऋणी. त्यापुढें 'फॉर' येऊन उपकार कोणता तें सांगतो.

'बाय' किंवा 'विथ' आला तर बहुधा उपकार करण्याचा अर्थ होतो. "ऑब्लाइज अस विथ अ साँग" म्हणजे कृपा करून एखादें गीत म्हणावें.

या कुळांतील दोन विशेषणें दिसावयास सारखीं, पण अर्थानें फार दूर आहेत. 'ऑब्लाइजिंग' मनुष्य म्हणजे मदतीस तत्पर, दुसऱ्याचें काम अडूं न देणारा. 'ऑब्लिगेटरी' फी म्हणजे भरलीच पाहिजे अशी फी. पहिल्यांत गोडवा आहे, दुसऱ्यांत शासन आहे. तसेंच 'ऑब्लिगेट' असें एक क्रियापद आहे. तें उपकार करण्याच्या अर्थीं येत नाहीं. कायद्यानें अथवा करारानें बांधणें एवढाच त्याचा अर्थ, आणि अमेरिकन लोकांत त्याचा प्रचार अधिक.

आणखी एक सावधगिरी. सभ्य शब्दांच्या आड कधीं कधीं हुकूम लपलेला असतो. वरिष्ठानें पत्रांत लिहिलें कीं, "आपण सोमवारपर्यंत हिशेब पाठविल्यास मी ऑब्लाइज्ड होईन," तर ती विनंती समजून मंगळवारीं उत्तर देऊं नये.

५. आपल्या भाषेंतील शब्दसंपत्ति

या एका क्रियापदासाठीं मराठींत एकच शब्द शोधणें व्यर्थ आहे. आपल्याकडे त्या जागीं शब्दांचा मेळा आहे, आणि ज्याचें त्याचें काम वेगळें आहे.

सक्तीच्या बाजूस 'भाग पडणें', 'बांधील असणें', 'बंधनकारक' हे शब्द आहेत. कृतज्ञतेच्या बाजूस 'आभारी', 'ऋणी', 'उपकृत' हे आहेत. यांतील 'आभार' हा शब्द पाहण्यासारखा आहे. त्यांत 'भार' आहे. इंग्रजाला उपकार दोरीसारखा वाटला, तर आपल्या पूर्वजांना तो डोईवरच्या ओझ्यासारखा वाटला. म्हणून आपण 'उपकाराचें ओझें' म्हणतों, आणि फेड झाली म्हणजे 'उतराई झालों' म्हणतों. आईबापांचे 'पांग फेडणें' हा वाक्प्रचारही त्याच जातीचा.

दोन्ही अर्थांच्या शिवेवर उभे असलेलेही कांहीं शब्द आहेत. 'खाल्ल्या मिठास जागणें' यांत उपकारांतून कर्तव्य उत्पन्न होतें, आणि तें मनुष्यास शोभतें. 'ऋणानुबंध' यांत ऋण आणि बंध दोन्ही आहेत, तरी तो शब्द कानास गोड लागतो. पण 'मिंधा' हा शब्द तसा नाहीं. ज्यानें उपकार घेतला आणि त्यामुळें ज्यास खरें बोलण्याची चोरी झाली, तो मिंधा. आभारी मनुष्य मान वर करून उपकारकर्त्याकडे पाहतो. मिंध्या मनुष्याची मान खालीं जाते. इंग्रजींत दोघांसही 'ऑब्लाइज्ड' म्हणतां येईल. भाषांतर करणाऱ्यानें मात्र मनुष्य कोणत्या जातीचा आहे, हें पाहून शब्द निवडावा.

६. कोल्हापुरांतील उदाहरण

उपकाराची दोरी कशी होते आणि ती कशी सोडावी, याचें उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासांत आहे.

पूर्वीं गांवोगांवीं महार वतनाची चाल होती. सांगावा पोंचविणें, सरकारी कामगारांचा बोजा वाहणें, गांवचा वसूल ठाण्यावर नेण्यास सोबत जाणें, शीव राखणें, मेलेलीं जनावरें ओढून नेणें, असलीं कामें महारांकडे असत. त्याच्या मोबदल्यांत थोडीशी इनाम जमीन आणि खळ्यावर धान्याचा वांटा मिळे. वरवर पाहतां हा करार दिसतो. पण करारांत कामाची मर्यादा ठरलेली असते. येथें ती नव्हती. हांक येईल त्या वेळीं जावें लागे, आणि बाप घरीं नसला तर मुलाला जावें लागे. शिवाय गांव असें समजे कीं, जमीन दिली हा आपला उपकार आहे. काम करणाऱ्यावर बंधन इंग्रजी क्रियापदाच्या पहिल्या अर्थाचें होतें, पण त्याच्याकडून वागणूक मात्र दुसऱ्या अर्थाची मागत. त्यानें वेठही करावी आणि वर आभारही मानावे.

कोल्हापूरचे शाहू छत्रपति यांनीं १८९४ पासून १९२२ पर्यंत राज्य केलें. १९१८ सालीं त्यांनीं आपल्या संस्थानांतील महार वतनें बंद केलीं आणि त्या जमिनी रयतावा पद्धतीनें त्या लोकांच्याच नांवें करून देण्याचें ठरविलें. यांत ध्यानांत घेण्यासारखें हें कीं, दोरी सोडतांना जमीन काढून घेतली नाहीं. जमीन जर कृपा म्हणून दिलेली मानली असती, तर सेवा बंद होतांच ती परत घेण्यास कोणासही कारण सांपडलें असतें. मुंबई इलाख्याच्या इतर भागांत ही गांठ सुटण्यास फार काळ लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत याविषयीं बिल मांडलें, पण तें सिद्धीस गेलें नाहीं. कनिष्ठ गांववतनें रद्द करणारा मुंबईचा कायदा १९५८ चा आहे. मध्यंतरीं २६ जानेवारी १९५० रोजीं भारताची राज्यघटना अमलांत आली. तिच्या तेविसाव्या अनुच्छेदानें वेठबिगारीस मनाई केली, आणि कर्जापायीं माणसाला राबविण्याची पद्धत मोडण्याचा केंद्राचा कायदा १९७६ सालीं झाला.

यावरून सर्वच बंधनें वाईट, असें मात्र कोणीं समजूं नये. त्याच छत्रपतींनीं १९१७ सालीं संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. मूल शाळेंत न पाठविणाऱ्या आईबापांस दंडाची तरतूद होती. हाही 'ऑब्लाइज' च. पण येथें दोरीचें एक टोंक आईबापांना बांधलें होतें तर दुसरें सरकारी तिजोरीस. आईबापांनीं मूल पाठविलें पाहिजे, आणि सरकारनें फी न घेतां शिकविलें पाहिजे. दोन्ही टोंकें बांधलेलीं असतात तें कर्तव्य; एकच टोंक बांधून दुसरें कोणाच्या तरी मुठींत असतें ती वेठ. ही कसोटी वाचकांनीं लक्षांत ठेवावी.

७. चहाच्या पेल्यांतील व्याकरण

गंगाराम कांबळे यांची हकीकत कोल्हापुरांत सर्वश्रुत आहे. ते महाराजांच्या पागेंत नोकर होते. तेथें पाण्याला शिवले म्हणून इतरांनीं त्यांस मारहाण केली. महाराजांनीं त्यांना नोकरींतून मोकळें करून स्वतःचा धंदा काढण्यास सांगितलें, आणि कांबळे यांनीं कोल्हापूर शहरांत चहाचें दुकान घातलें. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा घेण्यास लोक धजेनात. तेव्हां महाराज आपली गाडी त्या दुकानापुढें थांबवून चहा मागवूं लागले. तो स्वतः घेत आणि बरोबरच्या मंडळींसही देत.

आतां आपलें क्रियापद या प्रसंगास लावून पाहा. बरोबरच्या मंडळींना चहा घेणें भाग पडलें. राजानें पुढें केलेला पेला कोण नाकारणार? ते 'ऑब्लाइज्ड टू ड्रिंक'. हा पहिला अर्थ. कांबळे यांचें दुकान चाललें. ते महाराजांचे उपकृत, म्हणजे 'ऑब्लाइज्ड टू द महाराजा'. हा दुसरा अर्थ. पण प्रश्न राहतो कीं, स्वतः महाराज कोणत्या अर्थाखालीं येतात? त्यांना कोणीं भाग पाडलें नव्हतें, आणि चहा पिऊन आपण कोणावर उपकार करितों असेंही त्यांच्या वागण्यांत दिसत नाहीं.

याचें उत्तर एका फ्रेंच म्हणींत आहे. ती एकोणिसाव्या शतकापासून इंग्रजींतही रूढ आहे. 'नोब्लेस ओब्लीज' अशी ती म्हण. थोरपणच थोराला बांधतें, असा तिचा भाव आहे. ज्याच्या हातीं सत्ता, विद्या किंवा द्रव्य आहे, त्यास तें असणें हेंच बंधन. असा मनुष्य दुर्बळाचें साहाय्य करितो तेव्हां तो देणगी देत नसतो, देणें फेडीत असतो. ही दृष्टि ज्याला आली, तो उपकार बोलून दाखवीत नाहीं. कारण फेडलेल्या कर्जाचा डांगोरा कोण पिटतो?

८. दुसरा कोस

आपल्या उपदेशक बंधूंना एक शास्त्रभाग येथें सहज आठवेल. डोंगरावरील उपदेशांत प्रभु सांगतो कीं, जो कोणी एक कोस वेठीस धरून नेईल त्याच्याबरोबर दोन कोस जावें. तेथील ग्रीक क्रियापद इराणी राजांच्या जासुदांच्या व्यवस्थेंतून आलेलें आहे. हे जासूद वाटेंतील माणसें व जनावरें सरकारी कामासाठीं धरीत. पुढें रोमी अंमलांतही ही चाल राहिली. कुरेनेकर शिमोनास वधस्तंभ वाहावयास लाविलें, तेथेंही तेंच क्रियापद आहे. आपले पूर्वज बोजा वाहून ज्या वेठीनें थकले, तीच ही वेठ.

पहिल्या कोसावर मनुष्य बांधलेला आहे. शिपाई त्याला नेतो. दुसऱ्या कोसावर शिपायाची सत्ता संपली, तरी मनुष्य चालत आहे. आतां तो आपल्या खुशीनें साहाय्य करितो. पहिला कोस क्रियापदाच्या पहिल्या अर्थाचा, दुसरा दुसऱ्या अर्थाचा. मात्र हा शास्त्रभाग शिकवितांना एक गोष्ट विसरूं नये. दुसरा कोस देण्याचा अधिकार चालणाऱ्याचा आहे. तो मागण्याचा अधिकार शिपायाला नाहीं. जो मालक आपल्या गड्याला या वचनाचा आधार दाखवून जास्त राबवितो, तो दुसऱ्या कोसाचा पहिलाच कोस करून टाकतो. पौलानेंही फिलेमोनास पत्र लिहितांना, आपण आज्ञा करूं शकतों असें सांगून आज्ञा केली नाहीं, विनंती केली. चांगुलपणा जुलमानें व्हावा, हें त्यास नको होतें.

९. अर्ज कसा लिहावा

शेवटीं व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे इंग्रजी अर्जाच्या शेवटीं 'अँड ऑब्लाइज' असे दोन शब्द लिहिण्याची जुनी संवय आहे. भाषेच्या दृष्टीनें हें वाक्य अपुरें आहे. हें क्रियापद सकर्मक असल्यामुळें कोणाला उपकृत करावयाचें तें त्यांत आलें पाहिजे. पण भाषेपेक्षां मोठी चूक विचाराची आहे. प्रत्येक अर्जाला हें शेंपूट जोडावयाचें कारण काय?

उत्पन्नाचा दाखला किंवा रहिवासाचा दाखला कचेरींतून मिळावयाचा आहे, असें समजा. सन २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाप्रमाणें अशा अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतींत देणें अधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. अर्जदाराला अर्जाची पोंच मिळाली पाहिजे. मुदतींत काम न झाल्यास त्याच खात्यांतील वरिष्ठांकडे अपील करितां येतें, आणि तेथेंही दाद न लागल्यास पुढें आयोगाकडे जातां येतें. म्हणजे येथें 'ऑब्लाइज्ड' आहे तो अधिकारी, आणि तो पहिल्या अर्थानें. अर्जदारानें नम्रतेनें "विनंती आहे" असें लिहावें, अर्जाची तारीख व पोंचेचा क्रमांक जपून ठेवावा, आणि काम झाल्यावर "आभारी आहें" असें तोंडानें म्हणावें. सभ्यपणास कोणाची हरकत नाहीं. परंतु आपणांवर मेहेरबानी झाली असें मानून घरीं येऊं नये, आणि त्या मेहेरबानीची किंमत म्हणून कोणाच्या हातांत कांहीं ठेवूं नये. हक्काला उपकाराचें नांव दिलें कीं, लांच मागणाऱ्यास तोंड फुटतें.

याच्या उलट, जेथें खरोखर उपकार झाला तेथें हात आंखडूं नये. शेजाऱ्यानें पेरणीला आपली बैलजोडी दिली, शिक्षकानें शाळा सुटल्यावर आपल्या मुलाला घटकाभर जास्त शिकविलें, दवाखान्यांत कोणी अनोळखी माणसानें रक्त दिलें, तर तेथें "मी आपला ऋणी आहें" हे शब्द मनापासून निघावे. त्यांच्यावर तें बंधन नव्हतें. म्हणूनच आपल्यावर कृतज्ञतेचें बंधन येतें.

आणि देणाऱ्यासाठीं एक शब्द. मदत करून झाल्यावर ती चारचौघांत बोलून दाखविणारा मनुष्य दिलेल्या वस्तूला दोरी बांधून तिचें टोंक आपल्या हातीं ठेवितो. निवडणुकींत मत मागतांना, मजुरी ठरवितांना, किंवा मंडळींत कोणी विरुद्ध बोलला असतां तो ती दोरी हिसकावितो. असें दान घेतलेला मनुष्य आभारी राहत नाहीं, मिंधा होतो. आणि मिंध्या माणसाचा पंचाईतींत, मंडळींत अथवा घरांत कोणासही आधार नसतो. द्यावयाचें असेल तर दोरी न बांधतां द्यावें. घेणारा आपण होऊन बांधून घेईल, तेवढाच बंध खरा.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. पुढील दोन वाक्यांत 'ऑब्लाइज्ड' चा अर्थ कोणता, तें मराठींत सांगा : "वुई आर ऑब्लाइज्ड टू रिटर्न द बुक्स." "वुई आर ऑब्लाइज्ड टू द डॉक्टर."

२. 'ऑब्लाइजिंग' आणि 'ऑब्लिगेटरी' यांचा एकेक मराठी वाक्यांत उपयोग करा.

३. 'आभारी' आणि 'मिंधा' यांतील भेद आपल्या गांवांतील व्यवहाराचें उदाहरण घेऊन, कोणाचें नांव न घेतां, समजावून द्या.

४. रोजगारावर ठेविलेल्या माणसाशीं केलेला करार आणि वेठ यांत फरक कोणता? दोरीचीं दोन टोंकें ही कसोटी लावून पाहा.

५. गेल्या महिन्यांत आपण ज्या पांच माणसांचे आभार मानले, त्यांपैकीं कोणीं आपलें कर्तव्य केलें आणि कोणीं उपकार केला, याची यादी करा. ज्यांचे आभार मानावयाचे राहून गेले, त्यांचीं नांवें तिच्याखालीं लिहा.